वायपरला लावलेलं दिवेल

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच गाडी हात वर करून उभी असते. ती माझी. दोन्ही वायपर काचेपासून उचललेले आणि प्रत्येकाला माझा एकेक जुना मोजा घातलेला. बडोद्याच्या उन्हात गाडीची काच तव्यासारखी तापते. तिला चिकटून राहिलेलं रबर कडक होतं, धार जाते, आणि पावसाळ्यात वायपर काच पुसण्याऐवजी तिच्यावर रेघोट्या ओढत बसतात. म्हणून हा उपाय. मोजे धुतलेले असतात. हे मुद्दाम सांगतो, कारण तळमजल्यावर राहणाऱ्या तरुण गुजराती शेजारणीने एकदा नाकाला रुमाल लावून विचारलं होतं, "काका, आ मोजां धोयेलां तो छे ने?"

सोसायटीत मला 'वायपरवाळा काका' म्हणतात. तोंडावरही म्हणतात. मला ते आवडायचं, हे आधी कबूल करून टाकतो. कबूल करण्यासारखं पुढे बरंच आहे, तेव्हा सोप्यापासून सुरुवात केलेली बरी. मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. वायपर हा एकच विषय असा की ज्यावर मला थांबवावं लागतं.

लोकांचे वायपर दीड-दोन वर्षांत जातात, कारण लोक त्यांच्याकडे फक्त पाऊस पडल्यावर बघतात. माझा सध्याचा जोड सातव्या वर्षात होता. होता म्हणालो, त्याचं कारण शेवटी येईल. कोरड्या काचेवर वायपर चालवायचा नाही, आधी पाणी मारायचं. धुळीचा एक एक कण रबराची धार खातो. आठवड्यातून एकदा ओलं फडकं घेऊन धारेवरून फिरवायचं. फडक्यावर काळी रेघ उमटते, ती उमटेनाशी होईपर्यंत फिरवत राहायचं. कडुलिंबाखाली गाडी लावायची नाही, सावली मिळते पण काचेवर चिकट काहीतरी पडत राहतं. आणि काचेवरची पक्ष्याची शीट वायपरने काढणाऱ्या माणसाशी शक्यतो संबंध ठेवायचे नाहीत.

हे सगळं मी एकदा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. चौदा मुद्दे, क्रमांक घालून, माझ्या मराठी वळणाच्या गुजरातीत. एक अंगठा आला. तो सेक्रेटरीचा होता, आणि त्याच्या थोडं आधी कुणाचे तरी काका वारल्याच्या बातमीलाही त्याने तोच अंगठा दिला होता. तरीही मी दिवसभर फोन उघडून तो अंगठा पाहत होतो. त्या यादीतला नववा मुद्दा लक्षात ठेवा. तो असा होता : 'रबराला कुठलंही तेल, विशेषतः दिवेल, कधीही लावू नये.'

हा मुद्दा मला कसा कळला, हे सोसायटीत कुणी विचारलं नाही. घरातही नाही.

आता ही जपण्याची खोड कुठून आली, तर ती पैशांपायी नाही. वायपर ही काही परवडू नये अशी वस्तू नव्हे. आमच्या घराण्यात वस्तू वापरत नाहीत, सांभाळतात. आजोबा संस्थानच्या दप्तरात होते. कागद वाळवीपासून वाचवणं हेच त्यांचं काम, आणि तो स्वभाव कागदांवरून घरात उतरला. चांगल्या कपबशा कपाटात, पाहुण्यांसाठी. कान उडालेले कप घरच्यांसाठी. चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी, मधोमध विरलेल्या आमच्यासाठी. लहानपणी मला वाटायचं, पाहुणे म्हणजे असे लोक की ज्यांना कानाशिवाय कप धरताच येत नाही.

गाडी घेतली तेव्हा हीच रीत मी वायपरला लावली. दोन जोड ठेवले. एक रोजचा, एक चांगला. चांगला जोड टाल्कम पावडर लावून, जुन्या शालीच्या पिशवीत घालून, कपाटात पाहुण्यांच्या कपबशांच्या मागे. तो लांबच्या प्रवासासाठी. गावातल्या गावात रोजचा. रोजचा म्हणजे जवळजवळ संपलेला. बायको हसायची. म्हणायची, "अहो, तुमचे वायपर माझ्या माहेरच्या पैठणीपेक्षा नीट ठेवलेले आहेत." मी ते कौतुक समजायचो.

आता दिवेल. गुजरातेत एरंडेलाला दिवेल म्हणतात, आणि इतक्या पिढ्या इथे काढल्यावर आमच्या घरातही तोच शब्द. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा असतो. तो निवडून, ऊन देऊन, तळहातावर दिवेल घेऊन दाणा न् दाणा चोळायचा आणि मग कोठीत भरायचा. किडा लागत नाही. हे काम आमच्याकडे सासूबाई करायच्या. त्या छाणीला, बडोद्याच्याच एका टोकाला राहत, एकट्या. दर उन्हाळ्यात येऊन आमच्या गच्चीवर गव्हासमोर बसत आणि मला पोत्याचं तोंड धरायला लावत. "जावईबापू, नीट धरा, गहू आहे, परीक्षेचे पेपर नाहीत," असं म्हणत. मी उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, आणि माझ्या पेपर तपासण्याबद्दल सासूबाईंचं मत फारसं चांगलं नव्हतं.

रसायनशास्त्र शिकवतो, हे इथे महत्त्वाचं आहे. एखाद्या अडाणी माणसाने हे केलं असतं तर मी त्याला समजून घेतलं असतं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली सकाळ होती. रोजच्या जोडाचं रबर कडक झालं होतं. काच पुसताना कर्र कर्र वाजत होतं. स्वयंपाकघरात कोठीशेजारी दिवेलाची बाटली होती, सासूबाईंनी गव्हासाठी आणून उरलेली. मी बाटलीकडे पाहिलं आणि मला सुचलं. खनिज तेलाने रबर फुगतं, पण दिवेलाने त्याला फारसा अपाय होत नाही, हे मला ठाऊक होतं. दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. ज्या दिवेलाने गहू वर्षभर टिकतो, त्याने माझं रबर निदान पावसाळा तरी काढेल! चमचाभर दिवेल वाटीत घेतलं, जुन्या टूथब्रशने दोन्ही पात्यांच्या धारेला प्रेमाने चोळलं, आणि स्कूटर काढून शाळेत गेलो. त्या दिवशी वर्गात मी फार प्रसन्न होतो.

रबराचा विचार मी पूर्ण केला होता. काचेचा केला नव्हता. काचेमागे बसणाऱ्या माणसाचा तर नाहीच.

तो मंगळवार होता. मंगळवारी गाडी बायकोची. तिने चाळिशीच्या आसपास गाडी शिकून घेतली होती, क्लास लावून, मला न विचारता. दर मंगळवारी दुपारी ती एकटी निघायची, खंडेराव मार्केटमधून आईसाठी पपई घ्यायची आणि छाणीला जायची. संध्याकाळी परत आली की तिचा चेहरा वेगळाच असायचा. चावी आकड्याला अडकवण्याआधी बोटाभोवती दोनदा फिरवायची. ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवायची. हे वाक्य मी नऊ वर्षांत पहिल्यांदा लिहितोय, आणि बोललो तर अजूनही नाही.

साडेतीनच्या सुमारास शाळेत फोन आला. बाहेर पाऊस कोसळत होता. "माझ्या हातून माणूस पडला," एवढंच ती म्हणाली, आणि छाणीतलं ठिकाण सांगितलं. सासूबाईंच्या गल्लीच्या तोंडाशीच.

स्कूटरवरून चिंब होऊन पोचलो. एक भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, कलंडलेली होती. पाण्यातून दुधी तरंगत चालले होते. लारीवाला, साठीचा माणूस, बंद दुकानाच्या पायरीवर बसला होता. पायाच्या अंगठ्याला माझ्या बायकोची ओढणी गुंडाळलेली. बायको त्याच्या शेजारी पायरीवर बसली होती, भिजलेली, पपई मांडीवर. ती का मांडीवर घेतली होती, तिलाही सांगता आलं नसतं.

आता ऐका. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो नाही. त्या माणसाकडेही नाही. मी गाडीकडे गेलो आणि वायपर बघितले. शाबूत होते. मग काच बघितली. काचेवर मोराच्या पिसासारखे रंग पसरले होते, निळे, जांभळे, आणि त्यांच्यामागे सगळं दुधट. वायपरने पावसाचं पाणी पुसलं नव्हतं, दिवेल काचभर सारवलं होतं. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला दुसरं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली. दोन्ही पात्यांची धार पुसली. आधी मला वाटत होतं, ते माझ्या हाताने सवयीने केलं. आता वाटत नाही. चांगली घासून पुसली. माझं काही चुकलं होतं, हे सांगणारी जगात तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती मी रुमालात गुंडाळून खिशात घातली.

"पुसून काय उपयोग आता," बायको मागून म्हणाली. मग म्हणाली, "मला दिसलंच नाही हो. वायपर चालू होते, तरी काच सगळी गढूळ. मला वाटलं आतून वाफ धरलीय, मी हाताने पुसत होते. पुसतच होते. मला काहीच दिसत नव्हतं."

मला बोलायला हीच जागा होती. याहून सोपी जागा पुन्हा मिळाली नाही.

मी म्हटलं, "अगं, पावसात असंच होतं. सवय लागते."

पायरीवरचा लारीवालाच उलट पावसाला दोष देत तिची समजूत काढत होता. "बेन, रडो नहीं, वरसाद ज एवो छे." त्याच्या अंगठ्याचं नख गेलं. दहा-बारा दिवस लंगडला. बायको रिक्षाने तीनदा त्याला बघून आली. आम्ही दवाखाना केला, लारीचं चाक बदलून दिलं, आणि तो माणूस पुढे वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर उभा राहून आम्हाला हात करत होता. तिथे त्याच्यापुरती गोष्ट संपली.

तिची संपली नाही. ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डोळे उत्तम, जवळचा थोडा नंबर, तो वयाचा. घरी येऊन म्हणाली, "डोळे ठीक आहेत. म्हणजे दोष डोक्यात आहे." मी हसलो. मी ते विनोद म्हणून घेतलं, कारण तसं घेणं माझ्या सोयीचं होतं. चावी आकड्यावर गेली, ती तिने पुन्हा काढली नाही. मी एकदा "घे की गाडी" म्हटलं, अगदी हलक्या आवाजात, आणि ती "नको" म्हणाली तेव्हा मला आत कुठेतरी बरं वाटलं. तिने गाडी घेतली असती, काच स्वच्छ दिसली असती, तर तिला प्रश्न पडला असता. उलट मी म्हणालो, "जमत नाही एकेकाला. त्यात काय मोठं."

आणि दिवेल लावलेला तो जोड? मला वाटतं कुणीही शहाणा माणूस तो फेकून देईल. मी साबणाच्या पाण्याने धुतला आणि आणखी दोन पावसाळे वापरला.

मंगळवार गेले. छाणीला जायचं ते माझ्या सवडीने, एखाद्या रविवारी, मी बाहेर गाडीत बसून पेपर तपासणार आणि ती वर जाऊन तासाभरात खाली येणार. कधी ती रिक्षाने जायची, पण पावसात, पाठदुखीत राहून जायचं. सासूबाई मला विचारायच्या, "जावईबापू, ही आता एकटी का येत नाही? मुक्काम केल्यासारखं वाटायचं ती आली की." मी म्हणायचो, "पावसाची भीती बसलीय." पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या. त्या दोन वर्षांतले किती मंगळवार मोकळे गेले, ते मी मोजलेलं नाही. गणित मला येतं.

का नाही सांगितलं? पहिल्या तासात भीती वाटली. पहिल्या आठवड्यात वाटलं, ती सावरली की सांगू. ती सावरल्यावर वाटलं, आता सावरलीय तर कशाला. सासूबाई गेल्यावर तर तोंडच उरलं नाही. मग वायपरवाळा काका म्हणून माझी ख्याती झाली, चौदा मुद्दे झाले, आणि नवव्या मुद्द्यात मी ते सांगून टाकलं. सगळ्या सोसायटीला सांगितलं. जिला सांगायचं तिचंही नाव त्या ग्रुपमध्ये होतं. मी स्वतःला समजावलं, की बघ, लपवलेलं तर काही नाही.

यंदा उन्हाळ्यापासून मला गाडीची काच धूसर दिसायला लागली. मी शांपूने धुतली, ओल्या वर्तमानपत्राने घासली, व्हिनेगरने पुसली. वायपर तपासले. शेवटी काच बदलावी असं ठरवून छाणीला माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने काचेतून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, काच तो चोख्खी छे. आंख बतावो." उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस असं दिसतंय? मी म्हणालो, मला वाटलं काच खराब आहे. बायको शेजारच्या खुर्चीत होती. ती खूप हसली. मी हसलो नाही. काच खराब असताना तिने डोळ्यांना दोष दिला होता, आणि डोळा खराब असताना मी काचेला.

ऑपरेशन झालं. महिनाभर गाडी चालवायची नाही असं सांगितलं. गाडी पार्किंगमध्ये उभी, पावसाळा सुरू, आणि मी काळा चष्मा लावून रोज तिच्याभोवती फेऱ्या मारतोय. अशाच एका दुपारी मी ओल्या फडक्याने वायपरची धार पुसत होतो. बायको बागेतून कढीपत्ता घेऊन येत होती. तळमजल्यावरची शेजारीण, तीच मोज्यांची, दारात उभी होती.

"काकी," ती बायकोला म्हणाली, "काकानी आंख सारी थाय त्यां सुधी तमे चलावो ने गाडी! ऊभी ऊभी बगडी जशे."

बायको हसत म्हणाली, "ना रे बेटा. मने वरसादमां काचमांथी देखातुं नथी. आंख सारी छे, मगज खराब छे."

शेजारीण हसली. तेच वाक्य. नऊ वर्षांत बायकोने ते इतक्या वेळा उच्चारलं होतं, की आता त्याला गुजरातीही येत होतं. मी फडकं हातात घेऊन उभा होतो. फडक्यावर काळी रेघ उमटली होती.

चहाच्या वेळी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. चाळीस-चाळीस मुलांसमोर उभं राहून बोलणारा माणूस मी, कपाकडे बघत बोललो.  मग ती विचारायला लागली, एकेक, अगदी शांतपणे.

"कुठलं दिवेल?"

"गव्हाचं. कोठीजवळचं."

"आईने आणलेलं?"

"हो."

"कधी लावलंत?"

"त्याच दिवशी सकाळी."

"मंगळवार होता."

"हो."

"मंगळवारी मी गाडी नेते, हे माहीत होतं."

"हो."

"आणि चांगले वायपर कुठे होते?"

"कपाटात."

"कुणासाठी?"

मी म्हणालो, लांबच्या प्रवासासाठी. तिने मान हलवली, जणू हे रास्तच आहे. "छाणी जवळ आहे ना," ती म्हणाली.  मग, "नववा मुद्दा. मी वाचला होता तो. मला वाटलं, किती अभ्यास केलाय यांनी." तिने दोन्ही कप उचलले. माझा अर्धा भरलेला होता.

नंतरचे तीन दिवस ती माझ्याशी आवश्यक तेवढंच बोलली. "थेंब घाला." "दार लावा." डोळ्यात थेंब तीच घालायची, आणि त्या वेळी माझा चेहरा तिच्या दोन बोटांच्या मधे असायचा. इतक्या जवळून तिने माझ्याकडे न बघणं फार कठीण होतं, पण ती जमवत होती. रडली असेल तर माझ्यासमोर नाही. एकदा फक्त कोठीचं झाकण उघडून उभी असलेली दिसली. गहू काढला नाही, काही नाही. झाकण लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस भुरभुरत होता. तिने कपाट उघडलं, पाहुण्यांच्या कपबशांच्या मागे हात घातला आणि शालीची पिशवी माझ्यासमोर ठेवली.

"हे लावा गाडीला."

मी पिशवी घेऊन खाली गेलो. मागोमाग तीही आली. चांगला जोड. इतक्या वर्षांत आम्ही लांबचा प्रवास दोनदाच केला होता, तोही उन्हाळ्यात. पावडर झटकली, पाती वाकवून बसवायला गेलो, आणि रबर माझ्या हातात तुटलं. वाळलेल्या शेंगेसारखं, आवाज करून. दुसरं तपासलं. त्यालाही धारेवर केसासारख्या बारीक भेगा. रबर न वापरताही म्हातारं होतं, हवेनेच होतं. हाही धडा मी दरवर्षी शिकवतो.

ती त्या तुकड्यांकडे बघत राहिली. "हेच का ते?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. मला वाटलं ती हसेल. नाही हसली. वर गेली आणि चावी घेऊन खाली आली.

"बसा."

"अगं, कुठे?"

"बसा म्हटलं ना. त्या बाजूला."

मी त्या बाजूला बसलो. आमच्या गाडीत त्या बाजूला मी आयुष्यात क्वचितच बसलोय. तिने सीट पुढे ओढली, आरसा हलवला, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि तशीच बसून राहिली.  मी काहीतरी सूचना द्यायला तोंड उघडलं. "एक शब्द नको," ती म्हणाली. गाडी दोनदा बंद पडली. तळमजल्यावरची शेजारीण दारातून ओरडली, "वाह काकी!" आणि तिसऱ्यांदा आम्ही फाटकाबाहेर पडलो.

ती छाणीपर्यंत चालवत गेली. हळू. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना तिने जाऊ दिलं. कर्र कर्र करणारे माझे सात वर्षांचे वायपर दोघांच्याही समोर सारख्याच रेघोट्या ओढत होते, आणि प्रत्येक रेघेला ती डोळे बारीक करून पुढे वाकत होती.  ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

मेकॅनिकने तिला चालकाच्या बाजूने उतरताना पाहिलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पात्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, "काका, आ तो पथ्थर थई गयुं छे. बेन, नवी जोडी नाखी दउं?"

"ना. एक ज. मारी बाजुनुं."

"ने आ बाजुनुं?"

"ए एमनुं छे," बायको म्हणाली. "हजी बहु वरस चालशे."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी वायपरवाळा काका, अजून बरीच वर्षं चालेल अशी मान डोलावली. त्याने उजवीकडचं पातं बदललं. जुनं मागावं असं मनात आलं होतं, हे खोटं कशाला बोलू. मागितलं नाही.

निघालो आणि पाऊस वाढला. तिच्या समोरची काच एका फेरीत साफ होत होती. स्वच्छ कमान, आत रस्ता, रिक्षा, माणसं, सगळं जिथल्या तिथे. तिने एकदा श्वास सोडला, मोठा, आणि खांदे खाली आले. "एवढंच होतं," ती स्वतःशी म्हणाली. "एवढंच." मग तिचा आवाज बदलला, आणि थोडा वेळ ती समोर बघून डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू देत गाडी चालवत राहिली. चाकावरचा एकही हात तिने काढला नाही.

ती घराच्या दिशेने वळली नव्हती. आम्ही आणखी आत चाललो होतो. माझ्या बाजूची काच पाण्याने आणि रेघांनी भरलेली, त्यात हिरवे-तपकिरी डाग हलत होते. गाडीचा वेग कमी झाला. ती एका ठिकाणी अगदी अलगद थांबली, कशाला तरी वाट दिली, मग डावीकडे वळली आणि उभी राहिली.

"सासूबाईंची गल्ली का गं ही?" मी विचारलं.

"तुम्हाला दिसत नाही?"

"नाही. या बाजूने काहीच दिसत नाही."

तिने वायपर चालूच ठेवले. तिच्या समोर रस्ता येत होता आणि जात होता.

"पावसात असंच होतं," ती म्हणाली. "सवय लागते."

माझा हात खिशातल्या रुमालाकडे गेला होता. तो मी तिथेच राहू दिला.